यमुनाकाकूंच्या डब्यात पकड नव्हती

काकूंनी नॅपकिनाची घडी उलगडली, इंजिन तळहातावर घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पकड कोनं लावली?"

मी अकोल्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पोरापोरींना दटावण्यात माझी सारी हयात गेली, पण अमरावतीबाहेर भातकुली रोडवरच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझीच बोलती बंद झाली. पकड मीच लावली होती. कुठल्या स्क्रूला, किती वेळा आणि किती चिडून, ते सगळं काकूंना त्या ओरखड्यांवरून दिसत होतं. त्यांनी इंजिन पुन्हा नॅपकिनात गुंडाळलं आणि आधी चहा घे म्हणाल्या.

यमुनाकाकू उमाळे यांची आणि माझी ओळख झाली ती अशी, गुन्हेगार आणि फौजदार म्हणून. पुढे नातं बदललं, पण फार नाही. आता त्या पुण्याला लेकीकडे असतात. फोनवर बोलायला लागल्या की शेजारचे डोकावून जातात, त्यांना वाटतं बाई कोणाशी तरी भांडतेय. मी सांगते आहे ते त्याच्या आधीचं, त्यांचं शेत आणि शेड चालू होतं तेव्हाचं.

अमरावतीत बहुतेक लोक त्यांना फुलवाल्या काकू म्हणूनच ओळखत. झेंडू, शेवंती, गुलछडी घरच्या शेतातली, लग्नाचे हार आणि मांडवाच्या माळा त्यांच्या हातच्या. शेडच्या एका टोकाला फुलांचे ढीग, आणि दुसऱ्या टोकाला जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर विमानांची इंजिनं. खरीखुरी विमानं नव्हेत, हौशी लोक मैदानावर उडवतात ती हातभर लांबीची. पण त्यांना खरं इंजिन असतं. मुठीत मावणारं, एका पिस्टनचं, स्पिरिट आणि एरंडेलाच्या मिश्रणावर चालणारं. सुरू झालं की कानठळ्या बसतात. अमरावती, अकोला आणि पार नागपूरपर्यंत हा नाद असलेली जी काही पंधरावीस डोकी होती, त्यांना ठाऊक होतं की इंजिन अडलं की काकूंकडे जायचं.

नाद मूळचा त्यांच्या यजमानांचा. ते एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होते. उतारवयात त्यांचे हात थरथरायला लागले, स्क्रू धरवेना. मग ते खुर्चीत बसून सांगायचे आणि काकू करायच्या. गजऱ्याच्या सुईत दोरा ओवणारे हात ते, त्यांना बारीक कामाचं काय कौतुक. सात-आठ वर्षं असं चाललं. ते गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, संपलं आता. तेरवीनंतर चार दिवसांनी त्यांचे एक जुने स्नेही भेटायला आले. बसले, हळहळले, आणि मांडीवरची पिशवी काही खाली ठेवेनात. काकूंनी पिशवीचा फुगवटा पाहिला आणि म्हणाल्या, "काढा आता, किती येळ लपवसान." ते बिचारे शरमेनं लाल झाले. काकूंनी त्याच दुपारी इंजिन खोललं. मला हे सांगताना त्या म्हणाल्या की यजमान गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा घरात बसणं जमलं.

त्यांची हत्यारं मसाल्याच्या डब्यात असत. स्टीलचा, सात वाट्यांचा, आपल्या सगळ्यांच्या ओट्यावर असतो तोच. हळदीच्या जागी प्लग, जिऱ्याच्या जागी वॉशर, मोहरीच्या जागी बारीक स्प्रिंगा. लांब हत्यारं एका पत्र्याच्या नळीत. त्यातलं जवळजवळ काहीच दुकानातून आणलेलं नव्हतं. काकूंचा सगळा व्यवहार लग्नघरांशी, आणि लग्नघरात जितक्या तऱ्हेचे कारागीर भेटतात तितके बाजारात भेटत नाहीत. बारीक कानस त्यांनी मंगळसूत्र करणाऱ्या सोनाराकडून मिळवली. थेंबभर तेल सोडणारी लांब चोचीची बाटली बँडवाल्याकडून, वरात दारात उभी असताना. इंजिनाच्या आत डोकावायचा छोटा आरसा एका नवरीच्या काकाकडून, तो दातांचा डॉक्टर होता. जेवणाच्या पंगतीत त्याला आरसा मागणारी बाई त्याला आयुष्यात दुसरी भेटली नसेल. काजळी खरवडायला मात्र धातू चालायचा नाही, त्यासाठी त्या बांबूची काडी चपटी तासून घ्यायच्या. लग्नात बायका एकमेकींच्या साड्या बघतात, काकू कोणाच्या हातात कोणतं हत्यार आहे ते बघायच्या.

त्या डब्यात आणि त्या शेडमध्ये पकड मात्र नव्हती. पकड कशालाही लागते आणि सगळ्याचीच वाट लावते, असं त्यांचं म्हणणं. "बरोबर हत्यार नसंन तं हात मांडीवर ठेवावा," असं त्या म्हणायच्या, आणि खरंच ठेवायच्या. एकदा नागपूरकडचा एक इंजिनिअर आला. दुसऱ्या दिवशी त्याला कुठेतरी विमान उडवून दाखवायचं होतं, आणि बेअरिंग काढायचं योग्य हत्यार काकूंकडे नव्हतं. त्यानं विनवलं, रागावला, हातोडी तरी द्या म्हणाला. काकू मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या. तो तणतणत गेला आणि आठवड्यानं तडा गेलेलं इंजिन घेऊन परत आला. मी सांगितलं होतं, असं काकू एका शब्दानंही म्हणाल्या नाहीत. त्याला चहा दिला आणि जाताना परडीभर शेवंती दिली. बोलणी खाण्यापेक्षा हे वाईट, असं तो मला नंतर म्हणाला.

आता माझा गुन्हा. इंजिन माझं नव्हतं, बाबांचं होतं. बाबांचं वय तेव्हा ब्याऐंशी. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी ते मुंबईहून मागवलं होतं, विलायती बनावटीचं. कापूस निघून गेला की अकोल्याबाहेरच्या मोकळ्या रानात ते विमान उडवायचे. माझ्या जन्मानंतर सगळं बंद पडलं आणि इंजिन कपाटात गेलं. त्या वर्षी उन्हाळ्यात घराला रंग दिला, तेव्हा मी ते डब्यात भरून ठेवलं. गंजू नये म्हणून आत तेल सोडलं. हाताशी होतं ते जवसाचं, आमच्याकडे मुगाच्या खिचडीवर घेतो ते. दोन चमचे चांगले सढळ हातानं सोडले, आणि आपण किती काळजी घेतो बाबांच्या वस्तूंची असं वाटून घेतलं.

दिवाळीनंतर कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की बाबांचा उजवा कान गेलाच आहे आणि डावाही काही महिन्यांचा सोबती आहे. आई गेल्यापासून बाबांनी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी रिक्षातून येताना ते म्हणाले, इंजिन एकदा चालू करून ऐकव. कानाला यंत्र लावून नको, असंच. मी हो म्हटलं, घरी येऊन गुपचूप डबा उघडला, तर इंजिनाचा पंखा तसूभर हलेना.

त्यानंतर मी जे जे केलं ते करू नये ते होतं. इंजिनाच्या माथ्यावर चार स्क्रू, सहा कोनी खाचेचे. त्यांना एलन की लागते. बाजारात मिळणाऱ्या सगळ्या मिलिमीटरच्या मापाच्या. अडीचची आत शिरेना, दोनची आत गरगर फिरायची. मी दोनचीला कागदाचा कपटा गुंडाळून जोर लावला आणि एका स्क्रूची खाच गुळगुळीत करून टाकली. मग पकड. बाबा सुरुवातीला रोज विचारायचे, कुठवर आलं. मी सांगायचे, दुरुस्तीला दिलंय. मग एक दिवस त्यांनी विचारणं बंद केलं. ते मला फार लागलं. म्हणूनच कोणीतरी काकूंचं नाव सांगितल्यावर मी रजा टाकून अमरावती गाठली होती.

चहा झाल्यावर काकूंनी इंजिन नाकाशी नेलं. जवस काय, असं विचारलं. मी मान हलवली.

"सुतार दाराले जवस काहून लावते? थे वायते म्हनून. वार्निश होते त्याचं. तू बापाच्या इंजिनाले वार्निश मारलं माय."

त्या हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. वाळून घट्ट झालेल्या तेलानं पिस्टन धरून ठेवला होता. जोरानं पंखा फिरवला तर आतला दांडा वाकेल, म्हणून आधी माथा उघडायला हवा. आणि माथा उघडायला इंचाच्या मापाची चावी हवी, कारण इंजिन त्या जमान्यातलं आणि त्या देशातलं. काकूंनी मेणबत्तीचं मेण वितळवून काडीच्या टोकाला लावलं, चांगल्या स्क्रूच्या खाचेत दाबलं, गार झाल्यावर अलगद काढलं. काडीच्या टोकावर सहा कोनांचा नेमका ठसा. तो त्यांनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, आता शोध.

मी अकोल्याच्या एकूण एक हार्डवेअरवाल्यासमोर ती डबी उघडली. एकानं मला विचारलं, हे कोणाचं दुखणं घेऊन फिरता. दुसऱ्यानं मेणाचं टोक चिमटीत धरून पाहिलं आणि वाकवलं. पुन्हा अमरावती, पुन्हा ठसा. तीन आठवडे गेले. या तीन आठवड्यांत बाबांनी टीव्हीचा आवाज दोनदा वाढवला.

मग एका सकाळी काकूंचा फोन आला. त्यांना आठवलं होतं. बारा वर्षांपूर्वी त्या अकोल्यात एका लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे आपल्या फुलांच्या धंद्याची कार्डं घ्यायला गेल्या होत्या. तिथे पावत्यांवर आकडे टाकायचं एक विलायती मशीन होतं आणि त्याला दोऱ्यानं एक बारीक काळी चावी बांधलेली होती. बारा वर्षांपूर्वी पाहिलेल्या चावीची जाडी त्यांच्या डोळ्यांत होती. मी डबी घेऊन गेले. मशीन होतं, चावी होती, मेणाच्या ठशाशी तंतोतंत जुळली. प्रेसवाल्याच्या वडिलांच्या काळापासून ती कधी दोऱ्यावरून सुटली नव्हती. त्यानं बराच विचार केला आणि म्हणाला, एका दिवसापुरती देतो, पण अकोल्याबाहेर जाऊ देणार नाही.

काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, मीच येते. आणि मग विचारलं, "ज्याचं इंजिन हाय त्याले सांगतलं काय?"

मी म्हटलं, दुरुस्त झाल्यावर सांगू. काकू म्हणाल्या, मग मी येत नाही. चवथा, खाच गेलेला स्क्रू तुटला तर माणसाला इंजिन गेल्याचं आणि लेक खोटं बोलल्याचं एकाच दमात कळेल. त्याच्यासमोर उघडीन, नाहीतर उघडणार नाही. हत्याराच्या बाबतीत ज्या आवाजात बोलायच्या त्याच आवाजात हे बोलल्या.

रविवारी सकाळी पहिल्या बसनं त्या आल्या. कापडी पिशवीत मसाल्याचा डबा आणि बाबांसाठी झेंडूची दोन फुलं. बाबांनी बनियनवर घाईघाईनं शर्ट चढवला. काकू त्यांच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी सांगितलं. जवस सांगितलं, कागदाचा कपटा सांगितला, पकड सांगितली, दुरुस्तीला दिल्याची थाप सांगितली. मोठ्यानं सांगावं लागत होतं, त्यामुळे शेजारच्या गॅलरीतही गेलं असणार.

बाबा ऐकून घेत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आधी कळलंच नाही. त्यांना हायसं वाटत होतं.

"मंग मी नाई बिघडवलं," ते म्हणाले. "तू कॉलेजात कामावर होती, तवा डबा घरीच दिसला. वाटलं दुरुस्त होऊन आलं, तं पंखा फिरवून पाह्यला. जाम होता. मी जोर केला. मले वाटलं माह्याच हातानं गेलं. तुले कसं सांगू, म्हनून पुसनंच सोडलं."

म्हणजे महिनाभर आम्ही दोघं एकाच घरात, एकाच डब्यावरून, एकमेकांपासून तोंड लपवत होतो. मला हसू आलं, मग रडू आलं, आणि दोन्ही बराच वेळ आवरेना. काकू म्हणाल्या, "झालं काय दोघायचं? पाट्यावर पानी टाक."

प्रेसवाल्याची चावी टोकाला झिजलेली होती. काकूंनी फोन करून त्याची परवानगी घेतली आणि पाट्याच्या कडेवर टोक जवभर घासलं, वर नव्या धारदार कडा येईपर्यंत. गुळगुळीत झालेल्या खाचेच्या तळाशी थोडी जागा शाबूत होती, तिथवर नवं टोक पोचावं म्हणून. तोवर मी शेजारच्या बांधकामावरून वाळू आणून कढईत तापवली, आपण फुटाणे भाजायला तापवतो तशी. इंजिन त्या वाळूत पुरलं. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला तेव्हा काकूंनी ते फडक्यानं उचललं.

पहिले तीन स्क्रू सुटले. प्रत्येक वेळी बारीक कट्ट असा आवाज आला आणि बाबा मान हलवत राहिले, त्यांना तो ऐकू जात होता की नुसता दिसत होता कोण जाणे. चवथ्यापाशी काकूंनी चावी खाचेत ठेवली, लाकडी रवीच्या दांड्यानं दोनदा हलकेच ठोकली आणि थांबल्या. पदरानं हात पुसले. इंजिन पुन्हा वाळूत घातलं. पुन्हा काढलं, पुन्हा थांबल्या. चावीवर दोन बोटं ठेवून त्या इतका वेळ बसल्या की मला वाटलं आता हात मांडीवर ठेवणार. मग त्यांनी बाबांचा हात धरला, त्यांची बोटं चावीवर ठेवली, त्यावर आपली ठेवली आणि हळूच वळवलं.

सुटला.

पिस्टनवर जवसाची पिवळी साय होती. ती बांबूच्या काडीनं आणि स्पिरिटनं निघायला दुपार झाली. दांडा सरळ होता. सगळं जोडून आम्ही इंजिन गच्चीवर एका लाकडी पाटाला घट्ट आवळलं. काकूंनी बाटलीतून थेंब थेंब इंधन सोडलं, प्लगला बॅटरी लावली आणि पंख्याला एक झटका दिला. चौथ्या झटक्याला ते असं किंचाळलं की खालच्या गल्लीतली कुत्री उठली. जळक्या एरंडेलाचा वास पसरला. बाबा डावा कान पुढे करून, डोळे मिटून उभे होते, ओठ काहीतरी मोजत असल्यासारखे हलत होते. काकूंनी मिनिटभरानं बंद केलं. बाबा म्हणाले, पुन्हा लावा; काकू नाही म्हणाल्या, आधी गार होऊ द्या. मग गार झाल्यावर त्यांनी स्वतःच बाबांना झटका द्यायला लावला. असं चार वेळा झालं. चवथ्यांदा बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, तुझी आई या आवाजानं भडकायची. आणि हसले. आई गेल्यानंतरचं ते त्यांचं पहिलं हसू मी पाहिलेलं.

चावी प्रेसवाल्याला परत करून मी काकूंना बसस्टँडवर सोडायला गेले. उन्हं अजून होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहून आभाराचं काहीतरी जुळवत होते, तर त्यांनी काळे झालेले हात खिडकीतून बाहेर काढून माझं मनगट धरलं.

"एक सांगू काय? थो असा खाच गेलेला स्क्रू आजवर माह्या हातून एकबी सुटला नव्हता. तीन डाव लावला, तीनई डाव तुटला."

मी विचारलं, मग आज काहून हात लावला.

"चावी बरोबर होती ना. अन् त्याचा कान चालला होता. किती दिवस मांडीवर हात ठेवू?" त्या म्हणाल्या. "काल रातभर झोप लागली नाई माय. आता लागन."

मनगट सोडून त्यांनी मान मागे टेकली. ड्रायव्हर अजून चढलाही नव्हता, तोवर काकूंना गाढ झोप लागली होती, तोंड किंचित उघडं, मसाल्याचा डबा मांडीवर. बस हलली तेव्हा मी हात केला. तो कंडक्टरनं पाहिला आणि काकूंच्या वतीनं त्यानंच परत हात केला.